सेन्सरचा हातमोजा आणि पाच बोटांचा यांत्रिक हात: जोडणी, मापन, अडचणी

ओहमकार

आपण बोटं वाकवली की टेबलावरच्या यांत्रिक हाताची बोटंही तशीच वाकली पाहिजेत, एवढ्या एका कामापुरता हा धागा काढतो आहे. असे आराखडे जालावर ढिगाने सापडतात. पण बहुतेक ठिकाणी सर्किटवर दोन पानं असतात आणि सेन्सर मोज्यावर कसा बसवायचा यावर जेमतेम एक ओळ. काम बिघडतं ते त्या एका ओळीत. आधी मांडणी देतो, मग जाणकारांनी भर घालावी.

यांत्रिक हातासाठी इन्मूव्हचा पंजा घ्यावा. गाएल लांजव्हँ यांनी २०१२ मध्ये सुरू केलेला हा खुला आराखडा आहे. थ्रीडी प्रिंटरवर छापता येतो, पाच बोटांना पाच सर्व्हो (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणाऱ्या छोट्या मोटरी), सगळं दोऱ्यांवर. काय चुकतंय ते डोळ्यांनी दिसतं, म्हणून शिकायला चांगला.

सामान: हाताला घट्ट बसणारा पातळ नायलॉन-लायक्राचा मोजा, साडेचार इंची फ्लेक्स सेन्सर ४ (अंगठा सोडून बाकी बोटांना), सव्वादोन इंची २ (एक अंगठ्यावर, एक अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात), एडीएस१११५ मोड्यूल २ (व्होल्टेज मोजून आकड्यात देणारी चिप), ईएसपी३२ बोर्ड २ (वायफाय असलेला छोटा नियंत्रक; एक मोज्यावर, एक यंत्राकडे), पीसीए९६८५ सर्व्हो बोर्ड १, एमजी९९६आर सर्व्हो ५, ६ व्होल्ट १५ अँपिअरचा पुरवठा. सेन्सर सोडले तर बाकी सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतं.

फ्लेक्स सेन्सर म्हणजे पॉलिस्टरच्या पट्टीवर छापलेली कार्बनची शाई. पट्टी छापील बाजू बाहेर ठेवून वाकवली की शाईतल्या सूक्ष्म भेगा उघडतात आणि रोध वाढतो. उलट्या बाजूला वाकवली तर उपयोगी बदल मिळत नाही, वर शाई खराब होते. साडेचार इंचीचा सपाट असतानाचा रोध सुमारे १० किलोओहम, सव्वादोन इंचीचा सुमारे २५. दोन्हींत अधिक-उणे ३० टक्के फरक गृहीत धरावा. म्हणजे एकाच पाकिटातले दोन सेन्सर ७ आणि १३ किलोओहमचे निघाले तर ते सदोष नाहीत.

विभाजक सर्किटात (सेन्सर आणि एक स्थिर रोध ओळीने जोडून दोघांच्या मधला व्होल्टेज मोजायचा) स्थिर रोध किती घ्यायचा, याला साधा नियम आहे: सपाट रोध आणि मुठीतला रोध यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. सपाट १०, मूठ वळल्यावर २२ किलोओहम असेल तर वर्गमूळ १४.८, म्हणून १५ किलोओहम. ३.३ व्होल्टवर सपाट हाताला १.९८ व्होल्ट मिळतो, मुठीला १.३४. फरक ०.६४ व्होल्ट. अनेक आराखड्यांत डोळे मिटून ४७ किलोओहम घातलेला असतो. तो २५ किलोओहमच्या सेन्सरसाठी होता. १० च्या सेन्सरला तो लावला की फरक ०.४७ व्होल्टवर येतो, शिवाय सपाट हाताचं वाचन २.७२ व्होल्टला जातं, आणि ईएसपी३२ चा स्वतःचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) साधारण २.४५ व्होल्टच्या पुढे सरळ रेषेत वाचत नाही. सव्वादोन इंचीला ३३ किलोओहम बरा. एक टक्केवाले मेटल फिल्म घ्या.

एडीएस१११५ ची मर्यादा अधिक-उणे २.०४८ व्होल्टवर ठेवली तर एक पायरी ६२.५ मायक्रोव्होल्टची पडते, म्हणजे ०.६४ व्होल्टच्या फरकात दहा हजारांवर पायऱ्या मिळतात.

गतिज

मांडणी चांगली आहे, पण शेवटच्या परिच्छेदात एक खाच आहे. तुम्हीच लिहिलंय की सेन्सर ७ किलोओहमचाही निघू शकतो. १५ किलोओहमबरोबर त्याचं सपाट वाचन २.२५ व्होल्ट होतं. २.०४८ च्या मर्यादेवर ते अडकेल आणि बोटाच्या सुरुवातीच्या वाकण्याला काहीच हलणार नाही. लक्षणही फसवं असतं, कारण मूठ बरोबर वाचली जाते आणि फक्त उघडा हात ‘झोपलेला’ वाटतो. मर्यादा ४.०९६ व्होल्ट ठेवा. पायरी १२५ मायक्रोव्होल्टची होईल, फरकात पाच हजार पायऱ्या उरतील. बोटाच्या सांध्यांच्या मिळून १९० अंशांना त्या भरपूर आहेत.

दुसरं, एडीएस१११५ चा संदर्भ व्होल्टेज त्याच्या आतला असतो, पण विभाजक चालतो ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यावर. रेडिओने पाकीट पाठवताना ईएसपी३२ झटक्यात प्रवाह ओढतो, पुरवठा दबतो आणि पाचही बोटं एकदम थरथरतात. सगळी बोटं एका वेळी थरथरली तर दोष सेन्सरचा नाही, पुरवठ्याचा. आठ चॅनेलांपैकी सहा सेन्सरांना गेले की सातव्यावर ३.३ व्होल्टचा पुरवठाच वाचा आणि प्रत्येक वाचनाला त्याने भागा. सर्किटात काही न बदलता निम्मी थरथर जाते.

दोन्ही मोड्यूल एका आय-टू-सी तारेवर (चिपांच्या सामाईक दोन तारांच्या बसवर) बसतात. एकाची ॲड्रेस पिन ग्राउंडला, दुसऱ्याची ३.३ व्होल्टला. बस ४०० किलोहर्ट्झवर चालवा. सेकंदाला ८६० च्या वेगाने एक वाचन १.१६ मिलिसेकंदाचं. दोन्ही चिपांना एकदम सुरुवात द्यायची आणि मग दोन्हींची उत्तरं घ्यायची, असं केलं तर आठ चॅनेल ६ मिलिसेकंदांच्या आसपास होतात. १०० हर्ट्झ आरामात.

कुणाला एडीएस१११५ टाळून थेट ईएसपी३२ वरच वाचायचं असेल तर ३२ ते ३९ क्रमांकाच्या पिनाच वापरा. दुसऱ्या एडीसीच्या पिना वायफाय चालू असताना उपलब्ध नसतात. कोड नीट चालत असतो, रेडिओ सुरू केला की वाचन थांबतं. हा प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच.

सुईदोरा

आता त्या ‘एका ओळी’बद्दल. सेन्सर मोज्यावर दोन्ही टोकांना शिवू नका, आणि त्याच्या पूर्ण लांबीला गोंद तर अजिबात लावू नका.

हिशेब करून पाहा. बोटाच्या मधल्या सांध्याच्या अक्षापासून पाठीकडची त्वचा साधारण ८ मिमी वर असते. ९० अंश म्हणजे १.५७ रेडियन. ८ गुणिले १.५७ म्हणजे १२.६ मिमी. मधला सांधा काटकोनात वाकला की पाठीवरचं अंतर तेवढं वाढतं. बोट तळव्याला मिळतं त्या मुळाच्या सांध्याला ही उंची ११ मिमी धरली तर आणखी १७ मिमी. पूर्ण मुठीत एकूण ३० मिमीच्या आसपास. लायक्रा ताणतं, पॉलिस्टरची पट्टी ताणत नाही. दोन्ही टोकं बांधली तर मूठ वळताना पट्टी पिनांपासून ओढली जाते आणि हात उघडताना मध्येच फुगून कमान करते. ती कमान म्हणजे उलटं वाकणं. आठवड्याभरात शाई जाते.

म्हणून पट्टी एका टोकाला पक्की आणि उरलेली म्यानात मोकळी सरकणारी हवी. म्यान असं करा: ६.३५ मिमी रुंदीच्या पट्टीसाठी आतून ८ मिमी जागा राहील अशी लायक्राची नळी, आतल्या बाजूला सॅटिनची फीत, चकचकीत बाजू सेन्सरकडे. सॅटिन नसलं की पट्टी कापडाला अडून अडून सरकते आणि वाचन पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारतं. म्यानाच्या दोन्ही कडा बारीक झिगझॅग टाक्याने शिवा. सरळ टाका घातला तर मोजा ताणला की दोरा तुटतो.

आता पक्कं टोक कुठे? संवेदनशील पट्टीची लांबी ९५ मिमी. ती मुळाच्या सांध्याच्या २५ मिमी मागे सुरू केली आणि मुळापासून मधला सांधा ४५ मिमीवर असला, तर मधल्या सांध्याच्या पुढे २५ मिमी उरते. मूठ वळल्यावर तिथपर्यंतचं अंतर २३ मिमीने वाढतं (मुळाचे १७ आणि मधल्या सांध्याचा अर्धा भाग ६), म्हणजे पट्टीचं टोक जवळजवळ सांध्यावरच येऊन थांबतं आणि मधला सांधा वाचलाच जात नाही. पट्टी मुळाच्या १० ते १२ मिमी मागे सुरू करा. मग मुठीतही १५ मिमी पुढे राहते.

पिनांची बाजू हा या सेन्सरचा सगळ्यात नाजूक भाग. तिथे वाकणं पोचताच कामा नये. पिना आणि पट्टीचे पहिले ५ मिमी यांच्याखाली १ मिमी जाडीची कडक प्लॅस्टिकची चकती ठेवा, वर श्रिंक नळी. पिनांवर थेट सोल्डर करायचंच असेल तर पिन पक्कडीत धरून, म्हणजे उष्णता पक्कड खाईल, आणि दोन सेकंदांत उरका. पॉलिस्टर वितळलं की आतला जोड सुटतो, बाहेरून काही दिसत नाही. क्रिंप कनेक्टर असेल तर सोल्डरच्या वाटेलाच जाऊ नये.

नवखा_नाशिककर

सुईदोराताई, हा अंतराचा हिशेब कुठे वाचला नव्हता, वाचनखूण साठवली. दोन शंका आहेत. एक, मूठ वळताना मुळाचा सांधा सरळ ठेवून फक्त पुढची पेरं वाकवली, किंवा उलट केलं, तर एकाच लांब सेन्सरला फरक कसा कळणार? आणि दुसरी, फ्लेक्स सेन्सरऐवजी वेलोस्टॅटच्या पट्ट्या कापून वापरल्या तर खर्च बराच वाचेल ना?

हस्तोपचार

पहिल्या शंकेचं उत्तर: कळणार नाही. लांब पट्टी दोन्ही सांध्यांच्या वाकण्याची साधारण बेरीज देते. मुळाचा सांधा ९० आणि मधला ०, किंवा मुळाचा ० आणि मधला ९०, दोन्हींना आकडा जवळपास तोच. इन्मूव्हसारख्या हातात एका बोटाला एकच दोरी असते, तिथे बेरीज पुरते. पण ज्या हाताच्या प्रत्येक सांध्याला वेगळी मोटर आहे तिथे ही पट्टी कामाची नाही. प्रत्येक सांध्याला स्वतंत्र सेन्सर लागतो. टोकाच्या सांध्याला मात्र वेगळा नको. तो सहसा मधल्या सांध्याच्या दोन-तृतीयांश धरतात आणि पकडीच्या कामाला ते चालतं.

मापन दोनच स्थितींवर (उघडा हात, मूठ) करू नका. हाताच्या शस्त्रक्रियेनंतर स्नायुबंध मोकळे राहावेत म्हणून ज्या स्थिती करून घेतात त्याच इथे उपयोगी पडतात:

१. पंजा टेबलावर सपाट, बोटं जुळलेली. हे शून्य.
२. आकडा: मुळाचा सांधा सरळ, पुढचे दोन्ही पूर्ण वाकलेले.
३. टेबल: मुळाचा सांधा ९० अंश, पुढची बोटं सरळ.
४. पूर्ण मूठ, अंगठा बाहेर.
५. अंगठ्याचं टोक क्रमाने तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळीच्या टोकाला.

प्रत्येक स्थिती ३ सेकंद, तीन फेऱ्या. प्रत्येक वेळच्या पहिल्या सेकंदाचं वाचन टाकून द्या, उरलेल्याचं मध्यक घ्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थितीतला फरक पाहिला की तुमचा सेन्सर कोणत्या सांध्याला जास्त मान देतो ते लगेच कळतं. दोन्ही आकडे फार दूर असले तर म्यान सरकलेलं असतं.

अंगठा सगळ्यांत अवघड. त्याच्या बुडाचा सांधा खोगिरासारखा, दोन दिशांना फिरतो, आणि तो मनगटाजवळ आत दडलेला असतो. अंगठ्यावरची पट्टी फक्त त्याचे वरचे दोन सांधे पाहते. बेचक्यातला दुसरा सेन्सर म्हणूनच लागतो. तोही अंगठा तळव्यासमोर येणं आणि बाजूला उघडणं यांत गल्लत करतो. चिमटीचं काम महत्त्वाचं असेल तर पाचव्या स्थितीची चारही वाचनं साठवा आणि चालवताना त्यांच्याशी तुलना करून अंगठ्याचा कोन ठरवा.

करंगळीवर मोजा सैल बसतो, म्हणून तिचं शून्य सगळ्यांत जास्त सरकतं. लहान हातासाठी लहान मापाचा मोजाच घ्या, सैल मोज्याला पट्ट्या बांधून भागत नाही.

सुईदोरा

वेलोस्टॅटबद्दल. कार्बन मिसळलेला तो प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा दाबाला प्रतिसाद देतो, पण धरून ठेवला की आकडा सरकत राहतो आणि सोडल्यावर मूळ जागी सावकाश येतो. बोटाचा कोन त्यावर मोजू नये. स्पर्श लागला की नाही, हलका की घट्ट, यासाठी मात्र उत्तम. एमआयटीच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलेला विणलेला मोजा याच जातीचा: दाबाला रोध बदलणारा पापुद्रा, दोन्ही बाजूंना आडवे-उभे वाहक दोरे, असे ५४८ बिंदू. २६ वस्तू हाताळून त्यांनी दाबाचे नकाशे गोळा केले. म्हणजे पापुद्रा तसा साधाच, पण विचारलेला प्रश्न त्याला झेपणारा होता.

बोटांच्या टोकांना १२ बाय १२ मिमीचा तुकडा, दोन्ही बाजूंना वाहक कापड, मध्ये वेलोस्टॅट. वाहक कापडाचे दोन तुकडे कडेला एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वेलोस्टॅट चहूबाजूंनी २ मिमी मोठा कापा. शंभरात नव्याण्णव वेळा शॉर्ट होतो तो इथेच.

चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन दोरा घामाने आणि हवेतल्या गंधकाने काळा पडतो, रोध वाढतो. कोकणातल्या पावसाळ्यात हे लवकर होतं. हवाबंद पिशवीत सिलिका जेल टाकून ठेवा. आणि आत सुती अस्तर-मोजा घाला, म्हणजे घाम तो पितो आणि धुवायलाही तोच काढता येतो.

गॅलियम३१

प्रत्येक सांध्याला स्वतंत्र सेन्सर हवा असेल तर ताणणारा सेन्सर घ्या. सुईदोराताईंचा हिशेब इथे उलटा वापरायचा: पाठीवरचं अंतर १२.६ मिमीने वाढतं, मग ४० मिमी लांबीचा मऊ सेन्सर मधल्या सांध्यावर दोन्ही टोकांना पक्का बसवला की ९० अंशांना तो सुमारे ३१ टक्के ताणला जातो. एवढ्या ताणाला धातूचा साधा स्ट्रेन गेज टिकत नाही. सिलिकोन रबरात द्रव धातूची नळी असलेला सेन्सर सहज टिकतो.

गॅलियम ७५.५ टक्के, इंडियम २४.५ टक्के वजनाने. वितळणबिंदू १५.५ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे बहुतेक वर्षभर द्रव. नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटे सेन्सर अचानक ताठ वाटला तर हातात धरून गरम करा.

रबर इकोफ्लेक्स ००-३०. दोन भाग समान प्रमाणात, हाताळायला ४५ मिनिटं, घट्ट व्हायला ४ तास. हे प्लॅटिनमवर घट्ट होणारं रबर आहे. गंधक, लॅटेक्सचे हातमोजे, आणि रेझिन प्रिंटरवर छापलेले अर्धवट पिकलेले साचे, या तिन्हींमुळे ते साच्याला लागून चिकटच राहतं. साचा पीएलए प्लॅस्टिकचा छापा, हातात व्हिनाइलचे मोजे घाला. मिश्रण ढवळल्यावर निर्वात भांड्यात बुडबुडे काढा. एक बुडबुडा नळीला लागला तर सेन्सर तिथूनच फुटतो.

कृती: खालचा थर १ मिमी, त्यात ०.३ बाय ०.३ मिमीच्या नळीचे चार फेरे, प्रत्येक ४० मिमी. वरचा सपाट थर वेगळा ओता. तो अर्धवट घट्ट झाला, बोटाला चिकटतो पण बोटाबरोबर येत नाही, की खालचा थर त्यावर ठेवा. घाई केली तर ओलं रबर नळीत शिरतं, उशीर केला तर थर पुढे सुटतात. नळीच्या दोन्ही टोकांना बारीक सुईच्या दोन सिरिंज टोचा. एकीने धातू ढकला, दुसरीने हवा ओढा. मग तारा घालून भोकं त्याच रबराने बंद करा.

आता मोजण्याची अडचण. चार फेऱ्यांची १६० मिमी नळी म्हणजे रोध जेमतेम ०.५२ ओहम. ३० टक्के ताणल्यावर लांबी १.३ पट, छेद तेवढ्याच प्रमाणात कमी, म्हणून रोध १.६९ पट, ०.८८ ओहम. बोटापासून मनगटापर्यंत नेलेल्या बारीक तारांचाच रोध याच्या तोडीचा असतो. विभाजक सर्किट इथे निरुपयोगी. चार तारा लागतात: दोन प्रवाहाला, दोन मोजायला. १० मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाह एकाच साखळीत सगळ्या सेन्सरांमधून जाऊ द्या आणि प्रत्येकावरचा व्होल्टेज वेगवेगळा मोजा. एडीएस१११५ ०.२५६ व्होल्टच्या मर्यादेवर, दोन पिनांमधला फरक वाचण्याच्या पद्धतीत. एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्ट, सेन्सरवरचा बदल ३.६ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे ४६० पायऱ्या. पुरतात. एका चिपवर असे दोनच सेन्सर बसतात, पाच बोटांना तीन चिपा धरा. साखळीत एक तार तुटली तर सगळी बोटं एकदम जातात, हे लक्षात ठेवा.

नवं रबर पहिल्यांदा ताणताना जास्त ताठ असतं, पुढच्या वेळी सैल पडतं. मापनाआधी कामाच्या ताणाच्या थोडं पुढे, ४० टक्क्यांपर्यंत, ५० वेळा ताणून घ्या. हे टाळलं तर पहिल्या अर्ध्या तासात शून्य सरकत राहतं आणि दोष विनाकारण सर्किटला दिला जातो.

गॅलियम ॲल्युमिनियममध्ये शिरून त्याचा भुसा करतं. लॅपटॉपच्या धातूच्या खोक्याजवळ, हीटसिंकजवळ हे काम करू नका. तांब्याच्या तारेच्या टोकाशीही ते हळूहळू मिश्रधातू बनवतं, म्हणून टोकं स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिनांची घ्या. विमानाने मागवताना ते संक्षारक मालाच्या वर्गात मोडतं, सामानात टाकून आणू नये.

नवखा_नाशिककर

द्रव धातूचा एवढा खटाटोप नको असेल तर मधला मार्ग आहे का? आणि यांत्रिक हात आपल्या हातामागे उशिरा हलतो, वाचन गुळगुळीत करणारा फिल्टर कमी केला तरी, त्याचं काय?

गॅलियम३१

मधले मार्ग दोन. एक, धारकता मोजणारा मऊ सेन्सर: दोन वाहक थर, मध्ये रबर. ताणला की लांबी वाढते, रुंदी आणि जाडी दोन्ही कमी होतात, आणि त्यांचे परिणाम एकमेकांना असे खातात की धारकता लांबीच्याच प्रमाणात वाढते. ३० टक्के ताण, ३० टक्के बदल, सरळ रेषेत. परतीच्या वाटेवर फरकही कमी. त्रास एकच, दुसरा हात जवळ आणला तरी आकडा हलतो. बाहेरचे दोन्ही थर ग्राउंडला आणि मधला थर मोजायचा, अशी तीन थरांची रचना केली की तो जातो.

दुसरा, साधी दोरी. बोटाच्या टोकापासून पाठीवरून मनगटापर्यंत दोरी, तिथे ओळखपत्राच्या मागे-ओढ रिळासारखी फिरकी आणि पोटेन्शिओमीटर. ल्युसिडग्लव्ज हा खुला आराखडा याच तत्त्वावर आहे. मऊ सेन्सर नाही, पण सरकणं जवळजवळ शून्य. फिरकीची त्रिज्या ८ मिमी ठेवली तर मधल्या सांध्याचे ९० अंश फिरकीवरही ९० अंशच येतात.

पुलीवाला

हात मागे का पडतो, हे एकदा मिलिसेकंदांत मांडू. वाचन ६ ते १०, रेडिओ २ ते ५, सर्व्होला नवीन पल्स मिळेपर्यंत ० ते २०, कारण तो ५० हर्ट्झवर चालतो. फिल्टर चांगला लावला तर २० ते ४०. आणि एमजी९९६आर ला ६० अंश फिरायला ६ व्होल्टवर १४० मिलिसेकंद, ४.८ वर १७०, तेही भाराशिवाय. १२० अंश फिरायचे तर पाव सेकंदाच्या वर एकट्या सर्व्होचे जातात. फिल्टर काढून टाकण्यात अर्थ नाही. पुली मोठी करा, म्हणजे तीच दोरी कमी अंशांत ओढली जाईल. त्या प्रमाणात ओढ कमी होते, पण एमजी९९६आर मध्ये ६ व्होल्टवर ११ किलो-सेंमी ताकद आहे, रिकाम्या बोटाला ती खूप झाली.

दोरी विणीची घ्या, नायलॉनची एकसंध मासेमारीची तार नको. ती ताणते, मग सर्व्हो फिरतो आणि बोट उशिरा हलतं. पुलीवर वाकवणारी आणि उघडणारी अशा दोन्ही दोऱ्या असतात. बोट अर्धं वाकलेलं असताना दोन्हींत सारखाच हलका ताण हवा. पूर्ण उघड्या स्थितीत ताण जुळवला तर मधल्या स्थितीत एक दोरी ढिली पडते आणि पुलीवरून उतरते.

वीज. अडकलेला एमजी९९६आर ६ व्होल्टवर २.५ अँपिअर ओढतो. मुठीत वस्तू धरली की पाचही अडकतात: १२.५ अँपिअर. ईएसपी३२ च्या ५ व्होल्ट पिनेवरून सर्व्हो चालवणाऱ्यांचे बोर्ड वारंवार रीसेट होतात ते यामुळे. सर्व्होंचा पुरवठा वेगळा, ग्राउंड एकच, पीसीए९६८५ वर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

सर्व्हो अडकलेल्या स्थितीत सोडू नका, जळतो. एकूण प्रवाहावर एसीएस७१२ (प्रवाह मोजणारा सेन्सर), २० अँपिअरवाला, बसवा. तो अँपिअरला १०० मिलिव्होल्ट देतो, शून्याला २.५ व्होल्ट. सरळ जोडला तर १२.५ अँपिअरला ३.७५ व्होल्ट होतात आणि ईएसपी३२ ची पिन जाते. दोन्ही जाड तारांची अदलाबदल करा, मग प्रवाह वाढला की व्होल्टेज खाली, १.२५ पर्यंत येतो. एका सेकंदापेक्षा जास्त वेळ प्रवाह ८ अँपिअरच्या वर राहिला की सगळ्या सर्व्होंना २ ते ३ अंश मागे घ्या. पकड सुटत नाही आणि प्रवाह उतरतो.

गतिज

फिल्टरला ‘वन युरो’ घ्या, कासिए, रुसेल आणि व्होगेल यांचा, २०१२ चा. हात स्थिर असताना जास्त गुळगुळीत करतो, जोरात हलला की कमी. लावायचा क्रम महत्त्वाचा: वेगाचा गुणक शून्यावर ठेवा, किमान वारंवारता १ हर्ट्झ. हात स्थिर धरून थरथर थांबेपर्यंत वारंवारता कमी करा. मग बोटं जोरात उघड-मीट करत, मागे पडणं जाईपर्यंत गुणक वाढवा. उलट क्रमाने केलं तर दोन्ही आकडे एकमेकांशी भांडत राहतात. फिल्टरच्या आधी तीन वाचनांचं मध्यक घेतलं की सुटे झटके तिथेच मरतात.

रेडिओला ईएसपी-नाऊ (राउटरशिवाय दोन ईएसपी३२ मधला थेट संवाद). सहा सेन्सर दोन-दोन बाइट, मनगटाच्या दोन सेन्सरांचे दोन क्वाटर्नियन (दिशा चार आकड्यांत सांगायची पद्धत) आठ-आठ, पाकिटाचा क्रमांक दोन: ३० बाइट. जुन्या आवृत्तीतही मर्यादा २५० ची आहे, चिंता नाही. क्रमांक विसरू नका. यंत्राकडच्या बाजूने १०० मिलिसेकंदांत नवीन क्रमांक आला नाही तर हात आहे तिथे थांबला पाहिजे. ‘शेवटच्या वेगाने चालू राहा’ असं कधीही लिहू नका.

मनगटासाठी एक आयएमयू (झुकाव आणि फिरणं मोजणारा सेन्सर) पुरत नाही, कारण तो खोलीच्या सापेक्ष कोन देतो. एक कोपराखाली, एक हाताच्या पाठीवर, आणि दोघांतला फरक. फरक क्वाटर्नियनने काढा. कोनांची वजाबाकी केली तर हात सरळ वर उचलल्यावर आकडे उलटेपालटे होतात. एमपीयू६०५० या आयएमयूला चुंबकीय सेन्सर नसल्याने आडवा कोन सरकत जातो. बीएनओ०५५ ला आहे, पण सर्व्होंच्या शेजारी तो फसतो, म्हणून चुंबकीय सेन्सर बंद ठेवणाऱ्या पद्धतीत चालवा आणि पेडल (पायाखालचा स्विच, पाय त्यावर असेल तोवरच यंत्र हलतं) दाबताना शून्य करा. रास्पबेरी पायशी बीएनओ०५५ थेट आय-टू-सीवर जोडू नका. तो घड्याळाची तार धरून ठेवतो, पायला ते झेपत नाही आणि वाचन मध्येच बिघडतं.

हस्तोपचार

ते पेडल नेमकं कसं वापरायचं ते लिहाल का? हाताचा थकवा पाहता ते हवंच. हवेत धरलेला हात दहा मिनिटांत खाली येऊ लागतो आणि यंत्राचा हातही त्याच्याबरोबर खाली येतो.

गतिज

पाय पेडलवर आहे तोवरच यंत्र हलेल. पाय उचलला की यंत्र गोठेल. मग आपला हात आरामात मांडीवर आणा, पाय पुन्हा ठेवा, आणि त्या क्षणीची हाताची स्थिती हेच नवीन शून्य धरा. म्हणजे यंत्राला हाताची जागा नाही, हाताने केलेली हालचाल सांगायची. हे केलं नाही तर पाय ठेवताक्षणी यंत्र झेप घेतं, आणि पंजाऐवजी मोठा आर्म जोडलेला असेल तर ती झेप कुणाला तरी लागते. आर्मसाठी प्रमाण १ ला ०.५ ठेवा आणि टोकाचा वेग सेकंदाला २५० मिमीच्या आत. कारखान्यातल्या रोबोटांना माणूस जवळ असताना हाताने चालवण्यासाठी आयएसओ १०२१८ ने घातलेली मर्यादा हीच आहे. बोटांना मात्र हे सापेक्ष गणित लावू नका. बोटं नेहमी प्रत्यक्ष कोनावरच चालवा, नाहीतर उघडा हात आणि उघडा पंजा यांची जोडी तुटते. पाय ठेवल्यावर बोटं अर्ध्या सेकंदात सावकाश नव्या कोनाला नेली की पुरे.

पेडलचा स्विच नेहमी-बंद जातीचा घ्या आणि तो पाय उचलल्यावर जुळलेला, दाबल्यावर उघडा राहील अशी जोडणी करू नका. तार तुटली तरी यंत्र थांबलं पाहिजे, म्हणजे दाबल्यावर सर्किट पूर्ण होणारी जोडणी हवी.

ओहमकार

गतिज, शेवटच्या परिच्छेदात शब्द उलटसुलट पडलेत, वाचणारा चुकीचा स्विच आणेल. दाबल्यावर सर्किट पूर्ण व्हायचं असेल तर स्विच ‘नेहमी-उघडा’ जातीचा लागतो.

गतिज

बरोबर, चूक माझी. पेडलला नेहमी-उघडा. नेहमी-बंद जातीचा लागतो तो लाल रंगाच्या आणीबाणीच्या बटणाला, आणि ते बटण सर्व्होंच्या ६ व्होल्टच्या तारेत रिलेमार्फत बसवा, सॉफ्टवेअरमधून नको. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच: तार कापून पाहा, यंत्र थांबलं पाहिजे.